कनिंगहॅम आणि आयव्ही यांची जोडी मोडू नका: डेट्रॉइट पिस्टन्सच्या मराठी चाहत्यांना खुले पत्र

कॅन्टन, मिशिगन
मंगळवार, १६ जानेवारी २०२४

डेट्रॉइट पिस्टन्सच्या सर्व मराठी चाहत्यांस,

सप्रेम नमस्कार.

रविवारी दुपारी आपल्यापैकी काही कुटुंबे संक्रांतीच्या निमित्ताने एकत्र जमली होती. वर हळदीकुंकू चालू होते आणि खाली तळघरातल्या टीव्हीसमोर आम्ही दहा-बारा जण डेट्रॉइटच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या, म्हणजे लायन्सच्या, रात्रीच्या सामन्याची वाट बघत बसलो होतो. बोलता बोलता विषय आपल्या बास्केटबॉल संघावर, पिस्टन्सवर आला आणि तिथून चेंडू पुढे नेऊन डाव रचणाऱ्या तरुण गार्डवर, जेडन आयव्हीवर. खेळाडूंच्या अदलाबदलीच्या, म्हणजे ट्रेडच्या, ८ फेब्रुवारीच्या मुदतीच्या आत आयव्हीला दुसऱ्या संघाकडे पाठवून एखादा मोठा खेळाडू आणावा की आणू नये, यावरून वीस वर्षांची ओळख असलेले दोन मित्र एकमेकांवर इतके चिडले की निघताना एकाने दुसऱ्याच्या हातचा तिळगूळही घेतला नाही. मला त्याचे फार वाईट वाटले. दोघांचाही या संघावर जीव आहे, आणि दोघेही ज्या गोष्टीवरून भांडत होते ती माझ्या मते मुळात चुकीच्या जागी शोधलेली आहे. त्या दिवशी आवाज चढलेले असल्यामुळे मला माझे म्हणणे नीट मांडता आले नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहीत आहे.

परिस्थिती आपणा सर्वांना ठाऊक आहेच. ४० सामन्यांत ४ विजय आणि ३६ पराभव अशी आजची नोंद आहे. हंगामाचे पहिले तीन सामने झाले तेव्हा आपण दोन जिंकून एक हरलो होतो. त्यानंतर ३० ऑक्टोबरपासून २८ डिसेंबरपर्यंत सलग २८ सामने हरलो. एकाच हंगामात इतके सलग पराभव एनबीए या बास्केटबॉल लीगच्या इतिहासात कोणत्याही संघाच्या वाट्याला आलेले नाहीत. २६ डिसेंबरला ब्रुकलिनविरुद्ध आपला मुख्य गार्ड केड कनिंगहॅम याने ४१ गुण केले तरी हरलो, आणि दोनच दिवसांनी बॉस्टनमध्ये मध्यंतराला १९ गुणांची आघाडी घेऊनही जादा वेळेत हरलो. अखेर ३० डिसेंबरला टोरांटोला १२९–१२७ असे हरवले. त्या रात्री मी माझ्या मुलीबरोबर लिटल सीझर्स अरीनाच्या अगदी वरच्या रांगेत होतो. त्याच दिवशी टोरांटोने ओजी अनुनोबीला न्यूयॉर्कला दिले होते आणि बदल्यात मिळालेले खेळाडू अजून मैदानात उतरायचे होते, हे मला माहीत आहे. तरीही शेवटचा भोंगा वाजला तेव्हा शेजारच्या अनोळखी आजोबांनी माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला, आणि ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

इतक्या पराभवांनंतर माणूस कोणाला तरी दोषी धरणारच, आणि बास्केटबॉलमध्ये पहिले बोट गार्डकडे जाते, कारण चेंडू त्याच्या हातात असतो. त्यामुळे गेले दोन महिने आपल्या सगळ्या चर्चा तीन नावांभोवती फिरत आहेत: कनिंगहॅम चेंडू फार घालवतो, आयव्ही डोके न वापरता नुसता धावतो, किलियन हेजला नेम लागत नाही. यावरून काढलेला निष्कर्षही बहुतेकांचा सारखाच असतो, की यातला एक, विशेषतः आयव्ही, देऊन टाकावा आणि नाव असलेला गार्ड आणावा. मला हे रोग रेड्याला आणि औषध पखालीला असे वाटते. कनिंगहॅम आणि आयव्ही यांना आपण अजून नीट एकत्र खेळताना पाहिलेलेच नाही, आणि जेव्हा पाहिले तेव्हा त्यांच्याभोवती बाहेरून नेम साधणारी माणसे नव्हती.

ही गोष्ट मला स्वतःला कळली नव्हती, माझ्या मुलीने ती दाखवून दिली. ती बारा वर्षांची आहे आणि शाळेच्या संघात गार्ड खेळते. नोव्हेंबरातल्या एका सामन्याला मी कनिंगहॅमवर वैतागलो होतो, कारण तो रिंगच्या दिशेने शिरला की पास कोणाच्या तरी हातात अडकत होता. मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही केडकडे बघू नका, कोपऱ्यात बघा.” मग मी कोपऱ्यात बघू लागलो. कोपऱ्यात आपला खेळाडू उभा होता आणि त्याच्या वाट्याचा प्रतिस्पर्धी त्याच्याजवळ नव्हताच. तो रिंगखालच्या चौकोनाच्या अगदी काठावर, दोन्ही पाय रोवून, हात पसरून उभा होता. आपल्या जेलन ड्युरेनने वर स्क्रीन लावली, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत तो आडवा उभा राहिला, कनिंगहॅम त्या स्क्रीनला खांदा घासून आत वळला, तर समोर ड्युरेनचा प्रतिस्पर्धी होता, मागून त्याचा स्वतःचा धावत येत होता आणि बाजूला हा तिसरा माणूस आयता उभा होता. कोपऱ्यातल्याला पास दिला असता तर त्याने चेंडू रिंगकडे फेकण्याआधी क्षणभर विचार केला असता, आणि तेवढ्या वेळात प्रतिस्पर्धी परत आला असता. हे सगळ्या संघांना ठाऊक झाले होते. पुढची वीस मिनिटे आम्ही दोघांनी चेंडू सोडून फक्त कोपरा बघितला, आणि प्रत्येक वेळी तेच दिसले.

या दृष्टीने संघाची रचना पाहा. ऑसार थॉम्पसन हा बचावात आणि रिबाउंडमध्ये विलक्षण मुलगा आहे, पण तीन गुणांच्या रेषेबाहेरून त्याचे शंभरात वीसही नेम लागत नाहीत. ड्युरेन आतला खेळाडू आहे. आयझाया स्टीवर्ट मुळात सेंटर, म्हणजे रिंगजवळचा उंच खेळाडू, त्याला फॉरवर्ड म्हणून बाहेर उभे केले आहे. जेम्स वाइजमन सेंटर आणि परवा गेलेला मार्व्हिन बॅगली हाही आतलाच. जो एकच माणूस भरवशाने बाहेरून मारतो तो बोयान बोग्दानोविच पोटरीच्या दुखापतीमुळे पहिले १९ सामने बाहेर होता, आणि शांत डोक्याचा अनुभवी गार्ड म्हणून उन्हाळ्यात आणलेला फ्लिंटचा मॉन्टे मॉरिस हा तर मांडीच्या दुखापतीमुळे अजून खेळलेलाच नाही. अशा पाचांत कोणताही गार्ड उभा केला तरी त्याला मोकळी जागा मिळणार नव्हती. कनिंगहॅम सामन्याला सरासरी तीनहून अधिक वेळा चेंडू घालवतो ही तक्रार खरी आहे, आणि त्यातले काही निव्वळ त्याचे आळशी पास असतात हेही खरे. पण जो मुलगा तिघांच्या गराड्यातही सामन्यामागे वीसहून अधिक गुण आणि सात असिस्ट (ज्यावर लगेच गुण होतात असे पास) देतो, त्याची परीक्षा कोपऱ्यात नेमबाज उभे करून एकदा तरी घ्यायला नको का?

हेजविषयी थोडे वेगळे लिहायला हवे, कारण त्याच्याबाबत मी टीकाकारांच्या बाजूने आहे. २०२० मध्ये ट्रॉय वीव्हर यांनी जनरल मॅनेजर म्हणून ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, केलेली ही पहिलीच निवड, सातव्या क्रमांकावर. टायरीज हॅलिबर्टन त्याच ड्राफ्टमध्ये बाराव्या क्रमांकावर आणि टायरीज मॅक्सी एकविसाव्या क्रमांकावर गेला, हे शल्य आपल्या सगळ्यांना आहे. हेजच्या पहिल्या तीन हंगामांपैकी एकाही हंगामात तीन गुणांच्या नेमांचे प्रमाण ३० टक्क्यांना पोहोचले नाही. तो प्रतिस्पर्ध्याला मन लावून अडवतो, पास सुरेख देतो, पण मी वर सांगितलेला कोपऱ्यातला मोकळा माणूस पुष्कळदा तोच असतो. असे असताना या हंगामाच्या सुरुवातीला प्रशिक्षकांनी त्याला पहिल्या पाचांत घेतले आणि आयव्हीला बाकावर बसवले, हा निर्णय मला तेव्हाही समजला नाही आणि आजही समजत नाही. चार वर्षे पुरेशी आहेत; त्याला दुसरीकडे नवी सुरुवात करू द्यावी. पण त्याच्याविषयी आपल्यातले काही जण जे शब्द वापरतात ते मला ऐकवत नाहीत. तो २२ वर्षांचा आहे. फ्रान्समध्ये वाढलेला हा मुलगा एकोणिसाव्या वर्षी या संघात आला आणि सातव्याच सामन्यात कमरेच्या सांध्याच्या दुखापतीने कित्येक आठवडे घरी बसला. आपल्यापैकी अनेकांची मुले याच वयाची आहेत. त्याला सातव्या क्रमांकावर निवडा असे त्याने कोणाला सांगितले नव्हते.

आता आयव्ही. त्याच्याविरुद्धचा सर्वांत सबळ मुद्दा रविवारी मांडला गेला तो असा की त्यालाही चेंडू हातात लागतो आणि कनिंगहॅमलाही. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. हा मुद्दा मी गंभीरपणे घेतो. पण त्याचा निकाल लावायला आपल्याकडे पुरावा किती आहे? गेल्या हंगामात नडगीच्या हाडाच्या दुखापतीमुळे आणि पुढे शस्त्रक्रियेमुळे कनिंगहॅम फक्त १२ सामने खेळला, म्हणजे आयव्हीच्या पहिल्या वर्षी दोघे फार तर तेवढेच सामने बरोबर खेळले. उरलेला हंगाम आयव्हीने एकट्याने ओढला, ७४ सामन्यांत सरासरी १६ गुण आणि ५ असिस्ट दिले, आणि नवोदितांच्या दुसऱ्या संघात ड्युरेनसह त्याची निवड झाली. या हंगामात कनिंगहॅम परतला तर आयव्ही बाकावर गेला. डिसेंबरात आयव्ही पहिल्या पाचांत आला तेव्हा संघ पराभवाच्या खोल खड्ड्यात होता, आणि ७ जानेवारीला डेन्व्हरविरुद्ध कनिंगहॅमचा गुडघा दुखावला. ज्या जोडीला आपण ‘जमत नाही’ म्हणतो त्या जोडीला सलग दोन महिनेसुद्धा मिळालेले नाहीत.

आणि ती जमेल असे मला का वाटते तेही सांगतो. कनिंगहॅम सावकाश खेळतो. तो प्रतिस्पर्ध्याला पाठीवर घेतो, थांबतो, पुन्हा निघतो. त्याचा सगळा खेळ लयीवर चालतो. आयव्ही वाऱ्यासारखा आहे. बचाव एकीकडे झुकलेला असताना दुसऱ्या बाजूला आयव्हीच्या हातात चेंडू आला, तर पहिल्या पावलात तो माणसाला मागे टाकतो. बचाव आधी झुकवायचा आणि मग त्या झुकलेल्या बाजूने वेगाने शिरायचे, या दोन कामांना दोन वेगळ्या स्वभावांचीच माणसे लागतात. आयव्ही रिंगपर्यंत पोहोचून घाई करतो हे मान्य. तो २१ वर्षांचा आहे. या शहराशी त्याचे नातेही परके नाही. त्याचे आजोबा जेम्स हंटर लायन्ससाठी खेळले. ड्राफ्टच्या रात्री डेट्रॉइटचे नाव पुकारले गेले तेव्हा त्याच्या आईला अश्रू आवरले नव्हते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

मोठ्या नावाच्या ट्रेडविषयी मला जास्त काळजी वाटते. शिकागोचा झॅक लव्हीन मिळतो आहे, घेऊन टाका, असे आपल्यातले अनेक जण म्हणतात. त्याचा नेम उत्तम आहे यात वाद नाही. पण २०२२ मध्ये त्याने केलेला करार पाच वर्षांचा आणि साडेएकवीस कोटी डॉलरचा आहे; या मार्चमध्ये तो २९ वर्षांचा होईल, पायाच्या दुखण्याने डिसेंबरभर बाहेर होता आणि त्या कराराची आणखी तीन वर्षे आपल्या गळ्यात राहतील, नेमकी तीच वर्षे जेव्हा कनिंगहॅम, आयव्ही आणि ड्युरेन यांचे नवे करार करावे लागतील. दुसरे नाव अटलांटाच्या डेजॉन्टे मरेचे. अटलांटाने २०२२ मध्ये त्याला आणण्यासाठी ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतल्या तीन निवडी (म्हणजे खेळाडू निवडण्याचे हक्क) दिल्या, वर एका निवडीच्या अदलाबदलीचा हक्कही दिला, आणि दीड वर्षात तोच खेळाडू पुन्हा बाजारात आहे असे आपण वाचतो आहोत. चेंडू हातात लागणारे दोन गार्ड घाईने एकत्र आणण्याची किंमत अटलांटाने चुकवली. ती आपण त्यांच्याकडून विकत का घ्यावी?

शिवाय द्यायला आपल्याकडे आहे काय? २०२० मध्ये स्टीवर्टसाठी निवड मिळवताना आपण पुढची एक पहिल्या फेरीतली निवड ह्यूस्टनला देऊन बसलो. ती हातोहात फिरत आज न्यूयॉर्ककडे आहे आणि संरक्षणाच्या अटींमुळे, म्हणजे ती फार वरच्या क्रमांकाची निघाली तर त्या वर्षी आपल्याकडेच राहते म्हणून, २०२७ पर्यंत लांबू शकते. लागोपाठ दोन वर्षे पहिल्या फेरीतल्या निवडीविना राहता येत नाही, असा लीगचा नियम आहे, त्यामुळे हे देणे फिटेपर्यंत मधल्या वर्षांच्या निवडी मोकळेपणाने देता येत नाहीत. मग समोरचा संघ तरुण खेळाडूच मागणार, आणि तो आयव्हीच असणार. रविवारी जे मित्र ‘नुसत्या निवडी द्या आणि लव्हीन आणा’ म्हणत होते त्यांनी ही बाजू जरूर पाहावी.

आपल्यापैकी जे २०१० नंतर मिशिगनला आले त्यांना एक गोष्ट सांगायची राहून गेली असे मला रविवारी वाटले. मी २००३ च्या ऑगस्टमध्ये शिकायला इथे आलो आणि पुढच्याच जूनमध्ये पिस्टन्स विजेते झाले. अंतिम मालिकेत समोर असलेल्या लॉस एंजेलिसच्या लेकर्सकडे चार मोठी नावे होती, आपल्याकडे तसे एकही नव्हते. अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तो चॉन्सी बिलप्स, पाच वर्षांत पाच संघ फिरून २००२ मध्ये आपल्याकडे आलेला गार्ड. बिलप्स आणि रिचर्ड हॅमिल्टन या जोडीने पिस्टन्सला २००३ ते २००८ अशी सलग सहा वर्षे पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत नेले. सामना अडचणीत असला की बिलप्स चेंडू घेऊन शांतपणे मधली रेषा ओलांडायचा, हाताने दोघांना जागा दाखवायचा, आणि ऑबर्न हिल्सच्या पॅलेसमध्ये बसलेल्या माणसांचा जीव भांड्यात पडायचा.

मग २००८ चा नोव्हेंबर आला. तेव्हा मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत नवखा इंजिनिअर होतो. मोटार उद्योग कोसळत होता, दर शुक्रवारी कोणाचे तरी टेबल रिकामे होत होते, आणि रोज सकाळी आपला पास दाराशी चालेल की नाही या धास्तीने मी आत शिरत असे. हंगाम सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, तोच ३ नोव्हेंबरला बातमी आली की बिलप्सला डेन्व्हरला देऊन ॲलन आयव्हरसनला आणले आहे. आमच्या मजल्यावर त्या दिवशी आनंद झाला होता, मलाही झाला होता, हे मला कबूल केलेच पाहिजे. आयव्हरसन! इतके मोठे नाव, आणि तेही आपल्या पडत्या काळात. आदल्या वर्षी ५९ सामने जिंकलेला तो संघ त्या वर्षी ३९ जिंकला आणि क्लीव्हलँडकडून ४–० असा बाहेर पडला. आयव्हरसन ५४ सामने खेळून पाठदुखीने बाजूला झाला. बिलप्सने डेन्व्हरला पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत नेले. पिस्टन्सने हंगामानंतरच्या बाद फेरीतला, म्हणजे प्लेऑफमधला, एकही सामना त्यानंतर आजवर जिंकलेला नाही. २००९, २०१६ आणि २०१९ अशा तीन वेळा गेलो आणि तिन्ही वेळा ४–० असे परतलो. हा ट्रेड ज्यांनी केला ते जो डुमार्स स्वतः या शहराच्या सर्वांत लाडक्या गार्डांपैकी एक होते. त्यांच्याइतका खेळ जाणणारा माणूसही थकल्या घटकेला मोठ्या नावाला भुलू शकतो, तर आज आपल्यालाही सावध राहायला हवे.

त्याच डुमार्स यांच्या खेळाडू म्हणून असलेल्या कारकिर्दीकडे पाहिले तर उलटी गोष्ट दिसते. त्यांचे जोडीदार गार्ड आयझेया थॉमस १९८१ मध्ये आले, डुमार्स १९८५ मध्ये अठराव्या क्रमांकावर निवडले गेले, आणि पहिले विजेतेपद १९८९ मध्ये मिळाले. मधल्या काळात १९८७ च्या मे महिन्यात बॉस्टनमध्ये, काही सेकंद उरलेले असताना आणि पिस्टन्स एका गुणाने पुढे असताना, थॉमस यांनी बाहेरून आत फेकलेला चेंडू लॅरी बर्डने हिसकावला, सामना १०८–१०७ असा गेला आणि पुढे मालिकाही गेली. चेंडू घालवण्याचा याहून महागडा प्रसंग या संघाच्या इतिहासात मला आठवत नाही. थॉमस यांना कोणी विकले नाही. दोन वर्षांनी ते आणि डुमार्स करंडक उचलत होते.

रविवारी रात्री आपण सगळ्यांनी लायन्सचा सामना पाहिला. ३२ वर्षांनी प्लेऑफमध्ये विजय मिळाला. माझ्या शेजारच्या घरात सत्तरीतली एक बाई थंडीत पायात चपला घालून अंगणात आली होती आणि रडत होती. प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल यांच्या पहिल्या वर्षी, २०२१ मध्ये, याच लायन्सने पहिल्या अकरा सामन्यांत एकही विजय मिळवला नव्हता. कोणी म्हणेल की लायन्सनेही लाडक्या मॅथ्यू स्टॅफर्डला देऊनच सुरुवात केली. बरोबर आहे, पण त्यांनी बारा वर्षे संघासाठी राबलेला, तिशी ओलांडलेला खेळाडू दिला आणि पहिल्या फेरीतल्या दोन निवडी व जॅरेड गॉफ मिळवला. तरुण देऊन वयस्क आणला नाही. आयव्ही देऊन लव्हीन आणणे म्हणजे त्याच्या नेमके उलटे होईल.

मग काहीच करू नये का? करावे. बोग्दानोविच ३४ वर्षांचा आहे. गेल्या फेब्रुवारीत त्याला चांगला भाव असताना आपण त्याला धरून ठेवले, ते चुकलेच. आता तो आणि ॲलेक बर्क्स यांच्या बदल्यात पंचविशीच्या आतला, बाहेरून नेम साधणारा आणि बचाव करणारा एखादा गार्ड किंवा फॉरवर्ड मिळत असेल, तर द्यावेत. माझ्याच बाजूचे काही मित्र म्हणतात की हे दोघे गेले तर उरलेल्या हंगामात नेमबाज कोण राहील? त्यांचा आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच माझी अट आहे की बदल्यात नुसत्या दुसऱ्या फेरीतल्या निवडी घेऊन चालणार नाही, मैदानात उभा राहणारा माणूस यायला हवा. काल वॉशिंग्टनला १२९–११७ असे हरवले ते कनिंगहॅम नसताना, आणि बाहेरून नेम लागायला लागले की हाच संघ किती वेगळा दिसतो हे आपण पाहिले. परवाच्या ट्रेडमध्ये बॅगली आणि आयझाया लिव्हर्स यांच्या बदल्यात वॉशिंग्टनकडून डॅनिलो गॅलिनारी आणि माइक मस्काला हे बाहेरून मारणारे दोन उंच खेळाडू आले. ते दोघे वयस्क आहेत, फार काळ राहणार नाहीत. पण निदान औषध कोणते लागते हे कोणाच्या तरी लक्षात आले आहे असे यावरून दिसते. नवोदित गार्ड मार्कस सॅसरला जास्त मिनिटे द्यावीत. मॉरिस बरा झाला तर राखीव गार्ड म्हणून तो पुरेसा आहे.

प्रशिक्षक मॉन्टी विल्यम्स यांच्या सहा वर्षांच्या, ७ कोटी ८५ लाख डॉलरच्या कराराबद्दल आणि मालक टॉम गोर्स यांच्याबद्दल पुष्कळ बोलण्यासारखे आहे. संघ विका अशा घोषणा अरीनात दिल्या गेल्या तेव्हा मी त्या दिल्या नाहीत, पण देणाऱ्यांचा राग मला कळला, कारण ते पैसे मोजून, गोठवणाऱ्या थंडीत, तरीही आले होते. तो विषय मोठा आहे आणि तो ८ फेब्रुवारीपर्यंत सुटणार नाही. गार्डांचा प्रश्न मात्र त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत कायमचा बिघडू शकतो.

म्हणून माझी विनंती अशी. हंगामी तिकीटधारकांना संघाच्या कार्यालयाला लेखी अभिप्राय कळवता येतो, आणि आपल्यात असे तिकीटधारक बरेच आहेत. कनिंगहॅम आणि आयव्ही यांपैकी कोणालाही या मुदतीत देऊ नये, पहिल्या फेरीतली एकही निवड मोठ्या कराराच्या खेळाडूसाठी खर्च करू नये, आणि कनिंगहॅमचा गुडघा बरा झाल्यावर दोघांना हंगाम संपेपर्यंत पहिल्या पाचांत एकत्र खेळवावे, एवढेच त्यात लिहावे. ज्यांना माझे म्हणणे पटत नाही त्यांनी आपले म्हणणे तितक्याच स्पष्टपणे लिहावे. माझा मसुदा तयार आहे. शनिवारी, २० जानेवारीला, मिल्वॉकीविरुद्धच्या सामन्याला मी आणि माझी मुलगी जाणार आहोत. सही करायची असेल किंवा वाद घालायचा असेल तर मध्यंतरात वरच्या मजल्यावरच्या जिन्यापाशी भेटावे. रविवारच्या त्या दोन मित्रांना मी दोघांनाही बोलावले आहे. डब्यात तिळगूळ असेल.

आपला,
पिस्टन्सचा वीस वर्षांपासूनचा एक मराठी प्रेक्षक